पाहण्याचे मोल

एखादा प्राणी जिवंत राहावा, यासाठी त्याचा माणसाला काही उपयोग असलाच पाहिजे काय? प्रश्न जुना आहे. गाय दूध देते, बैल नांगर ओढतो, कुत्रा राखण करतो, ही उत्तरे आपल्या अंगवळणी पडलेली आहेत. परंतु ज्याला जुंपता येत नाही, ज्याची राखणीला मदत नाही आणि ज्याच्या नुसत्या नावाने पोहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, त्या शार्कविषयी काय म्हणावे? १९९३ साली मालदीवमध्ये या प्रश्नाला एक चमत्कारिक उत्तर मिळाले. ते उत्तर डॉलरांत होते.

मालदीवमधील शार्कच्या मासेमारीचा अभ्यास करणाऱ्या अँडरसन आणि अहमद या संशोधकद्वयाने एक साधा हिशेब मांडला. प्रवाळाच्या आश्रयाने राहणारा करड्या रंगाचा एक शार्क कोळ्याने पकडून विकला, तर त्याच्या हाती एकदाच ३२ डॉलर पडतात. तोच शार्क पाण्यात जिवंत राहिला आणि पाणबुडे पर्यटक त्याला पाहायला येत राहिले, तर त्याच्यापायी देशाला वर्षाकाठी सुमारे ३,३०० डॉलर मिळतात. ‘फिश हेड’ नावाच्या एका विशेष प्रसिद्ध स्थळी तर हा आकडा एका शार्कमागे ३३,५०० डॉलरांपर्यंत जात होता. हा युक्तिवाद पुढे देशोदेशी सांगितला गेला. खुद्द मालदीवने २०१० साली आपल्या सागरी हद्दीत शार्कच्या शिकारीवर बंदी घातली, तीमागे या हिशेबाचा वाटा मोठा होता.

आम्ही या हिशेबाची टवाळी करणार नाही. ज्या काळात पराच्या सूपासाठी शार्कची बेसुमार कत्तल चालू होती, त्या काळात या दोन आकड्यांनी जे साधले, ते शंभर प्रवचनांनी साधले नसते. वकील चांगला निघाला आणि आरोपी सुटला, तर वकिलाच्या भाषेविषयी तक्रार कशाला? तरीही मनात एक खडा टोचत राहतो. २०२० साली कोविडच्या साथीत मार्चअखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत मालदीवची दारे पर्यटकांना बंद होती. त्या साडेतीन महिन्यांत एकाही शार्कने एक डॉलरही मिळवून दिला नाही. मग त्या काळात त्याचे मोल शून्य झाले होते काय? कोणी पाहणारा नसताना तो त्याच प्रवाहात, त्याच खडकाभोवती फिरत होता. आमचा प्रश्न त्या रिकाम्या महिन्यांविषयी आहे.

गेल्या हिवाळ्यात आम्हांला मालदीवच्या आरी प्रवाळद्वीपसमूहात एक दिवस घालवण्याची संधी मिळाली. (प्रवाळद्वीपांच्या अशा कंकणासाठी जगभर वापरला जाणारा ‘ॲटॉल’ हा शब्द मालदीवच्या दिवेही भाषेतून गेलेला आहे. लहान भाषांनीही जगाला शब्द दिले आहेत, हे मराठी वाचकाने लक्षात ठेवावे.) पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली उतरण्याचे रीतसर शिक्षण आम्ही त्याआधी घेतले होते. फ्रान्सच्या कूस्तो आणि गान्याँ या दोघांनी १९४३ साली सिद्ध केलेले यंत्र हा या साऱ्या खटाटोपाचा पाया. माणूस श्वास ओढील तेव्हाच आणि त्या खोलीच्या दाबाला जुळेल तेवढीच हवा ते देते. दर दहा मीटरला वातावरणाचा आणखी एक भार अंगावर चढतो, म्हणून ही काटेकोर व्यवस्था. मालदीवमध्ये हौशी पाणबुड्यांना तीस मीटरपलीकडे जाण्यास मनाई आहे. पहिला आणि शेवटचा धडा एकच असतो: श्वास कधीही रोखून धरू नये. वर येताना फुप्फुसातील हवा फुगते, आणि ती कोंडून धरणाऱ्याच्या जिवावर बेतते.

सकाळी आम्ही एका ‘थिला’वर उतरलो. थिला म्हणजे पाण्याखाली बुडालेला प्रवाळाचा डोंगर. त्याचा माथा लाटांपासून काही मीटर खालीच राहतो. उतरता उतरता लाल रंग प्रथम नाहीसा झाला. सोबत्याच्या अंगावरचा तांबडा पट्टा मातकट दिसू लागला. पाण्यात ध्वनी हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक वेगाने धावतो, त्यामुळे आवाज येतो पण कोणत्या दिशेने आला ते कानाला उमगत नाही. बोलता येत नाही, म्हणून हातांच्या खुणा. आम्ही खडकाच्या ज्या कड्यावर प्रवाह येऊन आदळतो, तेथे एका निर्जीव दगडाला आकडा अडकवून पताकेसारखे फडफडत राहिलो आणि समोरच्या निळाईकडे पाहू लागलो.

ते आले तेव्हा आले असे जाणवलेच नाही. निळ्या पाण्याचाच काही भाग घट्ट झाला आणि त्याला डोळा फुटला. प्रथम एक, मग तीन, मग मोजणे सोडले. माणसाच्या उंचीइतके किंवा थोडे कमीअधिक लांब, करड्या पाठीचे, शेपटीला काळी कड असलेले शार्क. ज्या प्रवाहात आम्ही दगडाला लोंबकळत होतो, त्यात ते जवळजवळ हालचाल न करता स्थिर होते. त्यांच्या मुस्कटावर बारीक छिद्रे असतात. लोरेन्झिनी या इटालियन अभ्यासकाने सतराव्या शतकात त्यांचे वर्णन केले. त्यांतून शार्कला दुसऱ्या जिवाच्या स्नायूंतील अतिसूक्ष्म वीजही जवळून जाणवते. आम्ही त्यांच्याकडे डोळ्यांनी पाहत होतो. त्यांच्या त्या जादा इंद्रियाला आमच्यात काही गोडी वाटल्याचे दिसले नाही. एक जण हातभर अंतरावरून गेला आणि त्याने आमची दखल घेतली नाही. सिंहासमोर उभे राहिल्याचा अनुभव आपल्याला येईल असे आम्ही समजत होतो. प्रत्यक्षात दुसऱ्याच्या घरातील लग्नात चुकून शिरलेल्या माणसासारखे वाटले.

भय वाटले की नाही, असे अनेकांनी विचारले. ‘जॉज’ या चित्रपटाने १९७५ साली आमच्या पिढीच्या मनात जी भीती पेरली, ती एका सकाळीत निघत नाही. त्या कथेचे लेखक पीटर बेंचली यांनी उत्तरायुष्यात शार्कच्या रक्षणासाठी काम केले, ही गोष्ट मात्र चित्रपटाइतकी कोणाला ठाऊक नाही. जगभरात शार्कच्या हल्ल्यात वर्षाला दगावणारी माणसे बहुधा दोन्ही हातांच्या बोटांवर मोजता येतात. उलट माणसाच्या हातून मरणाऱ्या शार्कची संख्या २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार वर्षाला सुमारे दहा कोटी आहे. कोणी कोणाला भ्यावे, हे या आकड्यांवरून ठरवावे लागेल.

दुपारचा भाग निराळा होता. पाकटाचा एक प्रचंड भाऊबंद आहे, त्याला मांटा म्हणतात. स्पॅनिश भाषेत मांटा म्हणजे घोंगडी. प्रवाळाजवळ राहणाऱ्या मांटाच्या पंखांचा विस्तार तीन-चार मीटर असतो, खोल समुद्रातील जातीचा सात मीटरपर्यंत जातो. त्याच्या शेपटीला नांगी नाही. समुद्रातील बारीक तरंगते जीव गाळून खाणे, एवढाच त्याचा उद्योग. डोक्याच्या दोन्ही बाजूंना शिंगांसारखे दिसणारे दोन पर असतात. पाणी तोंडात वळवण्यासाठी तो ते उलगडतो. या शिंगांमुळे खलाशांनी त्याचे नाव ‘सैतान मासा’ ठेवले. ज्याने कोणाचे काही बिघडवले नाही, त्याला केवळ चेहरेपट्टीवरून सैतान ठरवायचे, ही सवय माणसाने माशांपुरती ठेवली असती तरी पुष्कळ होते.

मांटा ठरावीक खडकांपाशी स्नानाला येतात. तेथे बोटभर लांबीचे, निळ्या पट्ट्याचे मासे त्यांच्या अंगावरचे परजीवी टिपून खातात. अशा एका खडकापाशी आम्ही वाळूवर, अंतर राखून, शक्य तितके खाली बसलो. वाटाड्याने होडीवरच बजावले होते: पाठलाग करायचा नाही, हात लावायचा नाही (त्यांच्या त्वचेवरील चिकट थर हाच त्यांचा रोगांपासून बचाव), आणि खडकाच्या वर जायचे नाही. दोन मांटा आले. आळीपाळीने ते खडकावर येऊन तरंगत, कल्ले उघडे करून थांबत आणि चिमुकले मासे त्या कल्ल्यांत आतबाहेर करत. प्रत्येक मांटाच्या पोटावरील काळे ठिपके निराळे असतात. त्यांवरून संशोधक एकेकाला ओळखतात, वर्षानुवर्षे नोंद ठेवतात. मादी वर्षभराहून थोडे अधिक काळ गर्भ वाहते आणि बहुधा एकाच पिल्लाला जन्म देते. याच उघड्या कल्ल्यांतील चाळणी वाळवून चीनमध्ये औषध म्हणून विकली जाते. त्या व्यापारावर २०१३ सालच्या आंतरराष्ट्रीय करारपरिषदेत निर्बंध आले.

आठ-दहा मिनिटे असे चालले. मग आमच्यातील एका गृहस्थाला राहवले नाही. काठीला लावलेला कॅमेरा पुढे धरून तो उठला आणि थेट मांटाच्या पोटाखाली गेला. मांटाने पंखाचे एक टोक उचलले, वळण घेतले आणि तो निळाईत गेला. दुसराही त्याच्यामागोमाग गेला. आम्ही टाकीतली हवा संपत येईपर्यंत रिकाम्या खडकाकडे पाहत बसलो. ते छोटे मासेही गिऱ्हाईक गेलेल्या दुकानदारांसारखे घुटमळत होते. होडीवर आल्यावर त्या गृहस्थाने चित्र दाखवले. चित्र अप्रतिम होते, हे नमूद केले पाहिजे.

येथे आम्हांला खरा नैतिक प्रश्न सापडला असे वाटते. तो माणूस दुष्ट नव्हता. मांटावर त्याचे प्रेम होते. त्यासाठी तो हजारो मैल आणि बरेच पैसे खर्च करून आला होता. परंतु पाहणे दोन प्रकारचे असते. एका पाहण्यात समोरचा जीव आपले काम करीत राहतो आणि आपण त्याच्या वेळापत्रकात बसतो. दुसऱ्या पाहण्यात त्याने आपले काम सोडून आपल्यासाठी काहीतरी व्हावे लागते: चित्र, आठवण, दाखवण्याची वस्तू. पहिल्याला काही मागायचे नसते. दुसरे पाहणे ही खरे तर शिकारच असते. फक्त रक्त सांडत नाही, म्हणून तिचा हिशेब कोणी ठेवत नाही.

मालदीवमधील बा प्रवाळद्वीपसमूहात हनिफारू नावाचा एक छोटा उपसागर आहे. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत तेथे तरंगत्या जीवांचा इतका दाट साठा होतो की मांटांचे थवेच्या थवे जेवायला येतात. २०११ साली युनेस्कोने बा द्वीपसमूहाला जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा दिला. त्यानंतर हनिफारूमध्ये हवेची टाकी घेऊन उतरण्यास मनाई झाली. आता तेथे पृष्ठभागावर तरंगतच पाहायचे, तेही ठरलेल्या वेळापुरते आणि परवानाधारक वाटाड्याबरोबर. पैसे मोजून आलेल्या माणसाला ‘इतकेच पाहा’ असे सांगणारा हा नियम आम्हांला त्या डॉलरांच्या हिशेबापेक्षा अधिक मोलाचा वाटतो. त्यात माणसाच्या डोळ्यालाही मर्यादा घातली आहे.

दक्षिणेकडील फुवामुला बेटाचे उदाहरण अवघड आहे. तेथील बंदराजवळ ट्यूनाची डोकी व आतडी टाकली जात, त्यांवर पट्टेरी शार्क येत. आता पाणबुड्यांसाठी हेच खाद्य मुद्दाम ठेवले जाते आणि हे महाकाय प्राणी जवळजवळ खात्रीने दिसतात. यात शार्क नटासारखा होतो, असा आमचा आक्षेप आहे. माणूस दिसला की खाणे मिळते, ही शिकवण कोणत्याही वन्य जिवाला हितावह नाही. पण बेटावरील माणसे विचारतील की खाद्य नसेल तर शार्क दिसणार नाही, शार्क दिसला नाही तर पाहुणे येणार नाहीत, आणि पाहुणे आले नाहीत तर शार्कच्या बाजूने बोलणार कोण? याला झटकून टाकण्याजोगे उत्तर आमच्याजवळ नाही. तरीही आम्ही आक्षेप मागे घेत नाही. आमच्याच मालवणात रंगीत मासे गोळा व्हावेत म्हणून पर्यटकांच्या हाती पावाचे तुकडे दिले जातात, तेथे तर ही सबबही नाही. जो समुद्र १९८७ पासून अभयारण्य म्हणून घोषित आहे, त्यातल्या माशांना बेकरीचा पाव कशासाठी?

प्राण्यांविषयी आपले कर्तव्य काय, याचे एक उत्तर संत थॉमस अक्वायनस यांच्यापासून चालत आले आहे: जो प्राण्यांशी क्रूर वागतो, तो उद्या माणसांशीही क्रूर वागेल, म्हणून क्रौर्य टाळावे. तत्त्वज्ञ कांटही अठराव्या शतकात साधारण हेच म्हणाला. हे खोटे नाही, पण अपुरे आहे. यात शार्क हा केवळ आपल्या सद्गुणांच्या तालमीचा आखाडा होतो. बायबलमधील ईयोबाच्या ग्रंथाचा सूर वेगळा आहे. तेथे परमेश्वर दुःखी ईयोबासमोर रानगाढव, शहामृग आणि प्रचंड जलचर उभे करतो, ज्यांचा माणसाला काडीचा उपयोग नाही. तो त्याला विचारतो की जेथे माणूसच राहत नाही, त्या रानावर पाऊस कोण पाडतो? मालदीवच्या त्या साडेतीन रिकाम्या महिन्यांचे उत्तर आम्हांला या प्रश्नात दिसते. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात प्रत्येक जिवाला देवाच्या दृष्टीने स्वतःचे मोल असल्याचे निःसंदिग्धपणे सांगितले, ते याच धाग्याला धरून.

परंतु मोल देवाच्या दृष्टीने असले, तरी त्याची किंमत इथे कोणीतरी मोजत असते. मालदीवमध्ये २०१० च्या बंदीने ज्यांची कमाई गेली, ते कोळी होते. ज्यांची वाढली, ते बहुतेक निराळे होते. त्या बेटांवर शार्कच्या यकृताचे तेल पूर्वापार लाकडी होड्यांना लावले जाई. त्या थोड्याशा शिकारीने शार्क संपले नव्हते. परदेशातील सूपाच्या मागणीने ते संपू लागले. एका श्रीमंत देशाच्या जिभेसाठी मासा मारायला शिकवायचे आणि दुसऱ्या श्रीमंत देशाच्या डोळ्यासाठी तो मारू नको म्हणून सांगायचे, यात कोळ्याने काय समजावे? शिवाय आम्ही गेलो ते विमानाने. १९९८ आणि २०१६ साली तापलेल्या पाण्याने मालदीवचे प्रवाळ पांढरे पडून मोठ्या प्रमाणावर मेले. ते पाणी तापवण्यात आमच्यासारख्यांच्या प्रवासाचाही हात आहे. हे ऋण वाटाड्याला दिलेल्या बक्षिसाने फिटत नाही.

आणि आता आपल्या घराजवळचे. वसई-उत्तनच्या समुद्रात हात लांब केला तर बोटे दिसत नाहीत, इतके पाणी गढूळ. तेथे कोणी पाहायला उतरत नाही. पण शार्क तेथेही आहेत. आपण त्यांना मुशी म्हणतो. बाजारात दिसणारी हातभर लांबीची मुशी मोठ्या शार्कचे पिल्लू असावे, असे अनेकांना वाटते. पुष्कळदा ती पूर्ण वाढलेली असते. तिच्या एका सर्वसामान्य जातीचे शास्त्रीय नाव स्कोलिओडॉन. प्राणिशास्त्र शिकलेल्या आपल्या मुलामुलींनी ती प्रयोगशाळेत चिरलेली असेल. ही मुशी अंडी घालत नाही. तिच्या पोटात पिल्ले नाळेने आईला जोडलेली असतात, माणसाच्या बाळासारखी. भारताने २०१३ साली नुसते पर कापून शार्कचे धड समुद्रात टाकण्यास मनाई केली आणि २०१५ साली परांची निर्यात थांबवली. परंतु जाळ्यात आलेली मुशी बाजारात येतेच, आणि तिच्या वाट्याला ३,३०० डॉलरांचा हिशेब कधीच येणार नाही. डॉलरांचा युक्तिवाद स्वच्छ पाण्यातल्या देखण्या जिवांपाशी संपतो.

उपवासकाळातील शुक्रवारी आपण मांस वर्ज्य करतो आणि मासळीबाजारात गर्दी करतो, हा आपल्या संयमाचा एक गमतीदार प्रकार आहे. अशाच एका शुक्रवारी आम्ही बाजारात होतो. मासळीवाल्या मावशींनी एक मुशी चिरली, तर आत पिल्ले निघाली. नाळ अजून लागलेली होती.

“मावशी, यांचं काय करता?” आम्ही विचारले.

“काय करणार, भाऊ? जाळ्याला थोडंच कळतं, पोटुशी कोण ते,” त्या म्हणाल्या, आणि मग जरा थांबून, “मला दिवस भरायचा असतो.”

आम्ही त्या दिवशी बोंबील घेऊन घरी आलो. मावशींचा दिवस कसा भरावा, याचे उत्तर त्या बोंबलांत नव्हते.